टॉन्सिलची पहिली स्लाइड

पॅथॉलॉजिस्ट आहे असं सांगितलं की समोरचा माणूस हळूच हात मागे घेतो. त्याला वाटतं, आता ही बाई सुई काढणार. मी आयुष्यभर ज्या विभागात बसले तिथे सुई नव्हती, सुरी होती. ऑपरेशनमध्ये अंगातून जे काही काढतात, म्हणजे अपेंडिक्स, पित्ताशय, मानेतली गाठ, ते फॉर्मॅलिनच्या बाटलीतून आमच्याकडे यायचं. त्याचं माप घ्यायचं, कापून आतून कसं दिसतं ते रजिस्टरात लिहायचं, नखाएवढे तुकडे निवडायचे. ते तुकडे रात्रभर रसायनांच्या मशीनला लावायचे आणि मग मेणात बसवायचे. मेणासकट त्याचे केसापेक्षा पातळ काप काचेवर घ्यायचे आणि गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवायचे. ही झाली स्लाइड. मग मायक्रोस्कोपला डोळा लावून एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं, हे नेमकं काय आहे?

माझी लॅब बोईसरला होती. गेल्या वर्षी ती मी एका तरुण डॉक्टर जोडप्याला दिली. मोठ्या शहरात बाटल्या आणायला हॉस्पिटलची माणसं असतात, आमच्याकडे त्या नातेवाईक आणायचे. आईच्या गर्भाशयाची बाटली मुलगा रिक्षातून मांडीवर घेऊन यायचा आणि काउंटरवर ठेवून विचारायचा, "आता बघून सांगता का?" त्याला परवा या म्हटलं की तो हिरमुसायचा.

या सगळ्यात टॉन्सिल म्हणजे सर्वांत दुर्लक्षित जिन्नस. लहान मुलांचे टॉन्सिल कित्येक सर्जन पाठवतच नाहीत. पाठवले तरी त्यात बहुतेक वेळा काहीच नसतं. ते सुजलेले असतात, इतकंच. पण वर्षानुवर्षं कापत राहिलं की चमत्कारिक गोष्टी हाताला लागतात. एकदा एका कॉलेजच्या मुलीच्या टॉन्सिलमध्ये मला कूर्चेचा तुकडा सापडला. कूर्चा म्हणजे कानाच्या पाळीत असते तशी. सर्जनने फोनवर माझी उलटतपासणी घेतली. "मॅडम, घशात कूर्चा कुठून येणार? दुसऱ्या पेशंटचं मिसळलं असेल." मी त्यांना फोटो पाठवला आणि समजावलं की आईच्या पोटात गर्भ घडताना एखादा कण असा चुकून मागे राहतो, त्याने काही बिघडत नाही. त्यानंतर ते दोन महिने माझ्याशी फारच अदबीने बोलत होते.

एक होता बिहारकडचा वीस-एकवीस वर्षांचा कामगार. त्याच्या टॉन्सिलमध्ये टीबी निघाला. पाठवणाऱ्या डॉक्टरला शंकाही नव्हती. तो रिपोर्ट घ्यायला ड्युटीच्या कपड्यांतच आला.

"मैडम, कैंसर तो नहीं है ना?"

नाही, टीबी आहे, औषधाने बरा होतो, असं सांगितल्यावर तो मोकळेपणाने हसला. मग मी म्हटलं, खोलीतल्या सगळ्यांची तपासणी करावी लागेल. ते सहाजण एका खोलीत पाळीपाळीने झोपत होते. त्याचं हसू गेलं. "उनको बताऊँगा तो मैं सोऊँगा कहाँ?" पुढच्या आठवड्यात त्याच्या खोलीतले तिघं आपणहून तपासायला आले. तो मात्र गावी निघून गेला होता. त्याने औषधं पुरी केली की नाही, मला ठाऊक नाही.

हे प्रसंग मी आजवर पुष्कळांना सांगितले आहेत. यात माझी हुशारी दिसते. आता सांगणार आहे त्यात ती दिसत नाही, म्हणून ते सांगितलेलं नाही.

मुलीचं नाव जागृती म्हणू या. खरं नाव वेगळं. ती बोईसरजवळच्या मुरबे गावची, सातवीत शिकणारी. वडील मासेमारीच्या बोटीवर, आठ-आठ दिवस समुद्रात. आई मनीषा बोईसरच्या बाजारात मासे विकायला बसायची. घरात आजी, म्हणजे वडिलांची आई. जागृतीला गिळताना त्रास व्हायचा, ती झोपेत मोठ्याने घोरायची, आवाज तोंडात काहीतरी धरून बोलावं तसा झाला होता. पालघरच्या एका सर्जनने तिचे टॉन्सिल काढले आणि बाटली आईच्या हातात दिली. सोबतच्या फॉर्मवर 'वारंवार घसा धरणे' एवढंच होतं.

दोन्ही टॉन्सिल एकाच बाटलीत होते. एक दुसऱ्याच्या दुपटीहून मोठा. तो कापून मी रजिस्टरात लिहिलं, 'पांढरट-गुलाबी, एकसारखा, माशाच्या मांसासारखा.' हे शब्द आमच्या पुस्तकांत लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या वर्णनात येतात, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. मी ते लिहिले आणि पुढची बाटली उघडली. दोन दिवसांनी स्लाइड पाहिली. लहान मुलांचा टॉन्सिल मायक्रोस्कोपखाली नेहमीच खवळलेला दिसतो, कारण त्याचं कामच जंतूंशी लढायचं. पेशी भराभर वाढत असतात, मरत असतात. अशा गर्दीतून धोक्याची गर्दी वेगळी काढणं, यासाठीच तर आम्हाला शिकवलेलं असतं. मी स्लाइडवरून वरवर नजर फिरवली आणि 'साधी सूज' असा रिपोर्ट सही करून दिला. त्या दिवशी मी आजारी नव्हते, घाईत नव्हते, घरी काही दुःख नव्हतं. पुढे मी सबब पुष्कळ शोधली, सापडली नाही.

पाच आठवड्यांनी मनीषा लॅबमध्ये आली. सोबत जागृती होती, गळ्याभोवती ओढणी गुंडाळलेली. अलकाताई, म्हणजे माझ्याकडे पहिल्या दिवसापासून असलेल्या तंत्रज्ञ, त्यांना घेऊन आत आल्या.

"मॅडम, हिच्या मानेत गाठ आली," मनीषा म्हणाली. "गावातला डॉक्टर बोलतो टीबी असंल, औषध चालू करू. मी बोलली, आदी जिथं तपासलं तिथं इचारते. तुमी परत एकदा बघा ना."

"सर्जनना दाखवलंत?"

"ते बोलले, रिपोर्ट चांगला हाय, घाबरू नका."

रिपोर्ट चांगला होता म्हणूनच ते तसं म्हणाले होते. मी रजिस्टर काढलं आणि आकार पाहायला म्हणून नोंद मोठ्याने वाचली. 'माशाच्या मांसासारखा' इथे मनीषाने मला थांबवलं.

"कुटल्या माशासारखा?"

मी सांगलीकडची, घरी मासा कधी शिजला नाही. पुस्तकात तसं म्हणतात, असं काहीतरी मी पुटपुटले. पण तिच्या त्या प्रश्नाने मी प्रथमच ते वाक्य ऐकलं, आणि जुनी स्लाइड काढायला सांगितली.

अलकाताईंनी कपाटातून स्लाइड आणून दिली. माझ्या मायक्रोस्कोपमधून दोघांना एकाच वेळी पाहता यायचं, समोरच्या बाजूलाही डोळे लावायला जागा होती. शिकाऊ मुलींसाठी मी तो घेतला होता. जागृती त्याच्यासमोरच्या स्टुलावर बसली होती.

"यात माझं दिसंल?" तिने जड आवाजात विचारलं.

"तुझंच आहे. बघायचंय?"

तिने डोळे लावले. मी तिला चांगला भाग दाखवायला सुरुवात केली. हे वरचं आवरण, हे गोल गोल दिसतंय ते लढणाऱ्या पेशींचे गट. ती खूश झाली. "रांगोळीवानी हाय. आये, तू बघ ना!" मनीषा म्हणाली, तूच बघ, मला नको. बोलता बोलता मी स्लाइड सरकवत होते. एका कोपऱ्याशी गोल गट संपले. पुढे सगळं सपाट, गडद, एकाच तोंडवळ्याच्या पेशींनी खचाखच भरलेलं.

माझा हात थांबला.

"हितं लय गर्दी हाय," समोरून जागृती म्हणाली. "हे काय हाय?"

ती आणि मी एकच जागा पाहत होतो. तिला जे दिसलं ते मला पाच आठवड्यांपूर्वी दिसायला हवं होतं. मी तिला म्हटलं, हे नीट तपासावं लागेल, आता तू बाहेर बस. माझा आवाज सरळ राहिला. अशा वेळी तो सरळ ठेवायची आम्हाला सवय असते, तिचा मला त्या दिवसाइतका तिटकारा कधी आला नाही.

बाटलीत उरलेला टॉन्सिल अलकाताईंनी अजून टाकून दिला नव्हता. तो सगळाच्या सगळा आम्ही मशीनला लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्यापुढे नव्या स्लाइडचा ट्रे होता आणि जवळजवळ प्रत्येकीत तेच होतं. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, तोही झपाट्याने वाढणाऱ्या जातीचा. मुलांमधला हा आजार वेळेत धरला तर औषधांना चांगली दाद देतो. पण तो दिवसांच्या हिशेबात वाढतो.

मी सर्जनना फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, सुधारित रिपोर्ट द्या. अधिक काप घेतले, त्यात आढळलं, असं लिहा. खोटं तर नाही ना ते?"

खोटं नव्हतं. अधिक काप घेतले होते आणि त्यात आढळलं होतं. पहिल्यातही होतं, एवढंच वाक्य मी लिहिलं नाही. मुंबईच्या कॅन्सर हॉस्पिटलला द्यायला मी नव्या स्लाइड आणि मेणाचे ठोकळे नीट बांधून दिले. पहिली स्लाइड माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. अलकाताई ट्रे पुसत होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि पुढचा ट्रे उचलला.

मनीषाला मी आजार समजावून सांगितला, कुठे जायचं, कोणाला भेटायचं ते लिहून दिलं. मुंबईला ओळखीच्या डॉक्टरला फोन केला. हे सगळं मी फार मन लावून केलं. ती दाराशी थांबून म्हणाली, "मॅडम, मी लवकर आणायला पायजे होती ना हिला? घोरायची तवाच?"

त्या वेळी उत्तर द्यायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणाले, "आता मागचा विचार करू नका. आधी हिला घेऊन जा."

जागृतीला औषधांचे दोन फेरे सोसले. मानेतली गाठ वितळली, ती खायला लागली, अशी बातमी आली. तिसऱ्या फेऱ्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या, जंतुसंसर्ग झाला आणि चार दिवसांत ती गेली. मला सर्जनकडून कळलं. मुंबईच्या डॉक्टरांना त्यांनी विचारलं होतं की पाच आठवडे आधी कळतं तर फरक पडला असता का. सांगता येत नाही, असं उत्तर मिळालं. सर्जनना त्याने हायसं वाटलं असावं. मला वाटलं नाही. सांगता येत नाही याचा अर्थ पडला असता असाही होतो.

महिनाभर मी काम करत राहिले. प्रत्येक टॉन्सिलचे भाजी चिरावी तसे तुकडे करून सगळे तपासायला लागले. एका दुपारी अलकाताई रजिस्टर बंद करून माझ्यासमोर बसल्या. एवढ्या वर्षांत त्या न विचारता कधी बसल्या नव्हत्या.

"मॅडम, ती स्लाइड अजून ड्रॉवरमध्येच आहे."

"माहीत आहे."

"मला एक नात आहे तिच्याएवढी," त्या म्हणाल्या. "मी तुमची नोकरी करते, म्हणून गप्प बसले. पण मला जेवण जात नाही."

त्या रविवारी मी मुरब्याला गेले. घर सापडायला वेळ लागला नाही. ओट्यावर आजी जाळं विणत होती. तिने मला आत या म्हटलं नाही. मनीषा बाहेर आली. ती इतकी वाळली होती की मला आधी तिची मोठी बहीण वाटली. नवरा बोटीवर होता. आजीकडे एकदा पाहून ती मला घरामागे घेऊन गेली. तिथे काठ्यांवर बोंबील सुकत होते.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. पहिल्या स्लाइडमध्ये आजार होता. मला तो तेव्हाच दिसायला हवा होता. नव्या कापांत सापडला हे मी अर्धंच सांगितलं, उरलेलं लपवलं. मी चुकले.

मला वाटलं होतं ती रडेल, अंगावर येईल. तिने प्रश्न विचारला.

"म्हंजे मी बाटली आणून दिली तवाच कळलं असतं?"

"हो."

"दुसऱ्या येळी तुमच्याकडं मी तिला घेऊन आलती, तवा तुमाला कळलं ना?"

"हो."

"मंग तवा का नाय बोललात?"

"भीती वाटली," मी म्हणाले. दुसरं कारण नव्हतं.

ती घरात गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात शाळेची वही आणि पेन होतं. वहीतलं मागचं कोरं पान तिने जपून फाडलं, पुढच्या लिहिलेल्या पानांना धक्का लागू दिला नाही.

"जे तोंडानं बोललात ते लिवून द्या. मराठीत लिवा, मला वाचता येतं."

मी खाली बसून मांडीवर वही धरून लिहिलं. तिने कागद घेऊन ओठ हलवत वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हितं 'पहिल्या तपासणीत आजार दिसून आला नाही' लिवलंत. दिसत नव्हता का होता?"

"होता."

"मंग तसं लिवा."

मी ते वाक्य खोडलं. 'पहिल्या स्लाइडमध्ये आजार होता. मी तो ओळखला नाही. आईने मुलीला दाखवल्यानंतर झालेला उशीर माझ्यामुळे झाला.' शेवटचं वाक्य तिने सांगितलं, मी लिहिलं. खाली सही केली, नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक घातला. तिने कागदाची घडी करून पोलक्यात ठेवली आणि मला जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी पहिली स्लाइड ड्रॉवरमधून काढून तिच्या जागी कपाटात लावली, रजिस्टरात खरी नोंद केली आणि मुंबईच्या हॉस्पिटलला पत्र पाठवलं. वकिलालाही भेटले. तो कपाळावर हात मारून म्हणाला, असं कोणी लिहून देतं का? मी नोटिशीची वाट पाहायला लागले. पोस्टमन दिसला की मी हातातलं काम टाकून काउंटरवर जायचे. वर्ष गेलं, दुसरं गेलं. नोटीस आली नाही. माणूस किती हलका असतो पाहा, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस मला वाटायला लागलं की तिने मला माफ केलं असावं.

लॅब सोडण्याआधी थोडे दिवस मी मुद्दाम बोईसरच्या बाजारात गेले. मनीषा तिच्या जागी बसली होती. गिऱ्हाइकं हटेपर्यंत मी बाजूला उभी राहिले. तिने मला ओळखलं, पण हातातलं काम थांबवलं नाही.

"कसं काय आलात?"

"एक विचारायचं होतं. त्या कागदाचं तुम्ही काही केलं नाहीत."

"केलं ना," ती म्हणाली.

"मला नोटीस आली नाही."

"तुमच्यावर केस करायला नव्हता घेतला तो. घरात दाखवायला घेतला." तिने कोयता बाजूला ठेवला, हात धुतले आणि तेव्हाच पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "सासू बोलायची, बाजार करत बसली, पोरीकडं लक्ष दिलं नाय, हिच्यामुळं उशीर झाला. नवरा पण तेच बोलायचा. माज्या हातचं जेवत नव्हता तो. कागद वाचून दाखवला तवा गप बसला. आता जेवतो."

माझ्या चुकीची किंमत त्या घरात कोण भरत होतं, हा विचार मी एकदाही केला नव्हता. मी फक्त नोटिशीची वाट पाहिली होती.

"तरी बरं, तुम्हाला उपयोग झाला," मी म्हणाले. म्हणायला नको होतं.

"उशिरा झाला," मनीषा म्हणाली. "जागू जिती होती तवा द्यायला पायजे होता. हास्पिटलात सासू तिच्यासमोर बोलायची. पोरगी ऐकायची. शेवटच्या दिवशी मला बोलली, आये, तू मला आदी का नाय नेलं?"

एक बाई येऊन पापलेट कसं दिलं विचारू लागली. मनीषाने पापलेट उचलून तिला कल्ला उघडून दाखवला. मी थोडा वेळ तिथेच उभी होते. तिने पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.